माहिती देणारा

"आजोबा, आजींना कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे?" इंजेक्शन भरता भरता सिस्टरने विचारलं. हॉस्पिटलचा सर्व्हर बंद पडला होता आणि ही तापाने ग्लानीत होती.

"सल्फाची, बहुतेक. की पेनिसिलिनची?"

"बहुतेक चालत नाही हो! यात पेनिसिलिनच आहे."

सर्व्हर बघायला आलेल्या कॉम्प्युटर विभागातल्या बाई म्हणाल्या, "काळजी नको, काका. एक मशीन बंद पडलं तरी माहिती दुसऱ्यावर असते. ते चालू करतेय."

थोड्या वेळाने स्क्रीन उजळला. 'ॲलर्जी : सल्फा.'

"बघा, बरोबर होतात की! उगाच घाबरता." सिस्टर हसली आणि हिचा दंड पुसू लागली. मलाही हायसं वाटलं. तेवढ्यात खालची बारीक ओळ दिसली. 'माहिती देणारा : पती.' गेल्या वर्षी इथेच मी असाच अडखळत बोललो होतो.

"थांबा!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तेही मीच सांगितलंय."

सिस्टरचं हसू मावळलं. तिने बारीक सुई घेतली, औषधाचा एक थेंब हिच्या हाताच्या कातडीखाली टोचला आणि पेनाने त्याभोवती गोल काढला. आत लाली येते का म्हणून आम्ही दोघंही त्या गोलाकडे बघत बसलो.