सहावी सळई

काचतंतूची सळई काँक्रीटमध्ये लोखंडासारखीच घट्ट बसते, हे सूनबाईला आज तिच्या मार्गदर्शक सरांसमोर सिद्ध करायचं होतं. नाही झालं, तर तीन वर्षांचं संशोधन पाण्यात. सळया रोवून सहा ठोकळे ओतले तेव्हा मदतीला सासरे होते. सळया बांधण्यात त्यांची चाळीस वर्षं गेलेली.

यंत्राने पहिली सळई ओढली. लोण्यातून सुरी निघावी तशी ती बाहेर आली. पुढच्या चारही तशाच. सर चष्मा पुसत बसले.

सहावी मात्र हलेना. यंत्र कण्हलं, ठोकळा तडकला, पण सळईने जागा सोडली नाही.

सूनबाईने सुटलेली एक सळई हातात घेतली. काँक्रीटने धरावं म्हणून तिच्यावर मुद्दाम रेती चिकटवलेली असते. ही तर काचेसारखी गुळगुळीत.

"बाबा, हिच्यावरची रेती कुठंय?"

"रेती होती होय ती? मला वाटलं गंज. तू सिमेंट तोलत होतीस, तेवढ्यात पॉलिश पेपरने घासून काढला. गंजकी सळई मी उभ्या जन्मात काँक्रीटमध्ये घातली नाही."

सर ताडकन उठले. "लिहून घ्या. रेती काढली की सुटते, ठेवली की सुटत नाही. याहून चांगला पुरावा कुठला हवाय?"

सासरे मात्र सहावीकडे बघून ओशाळले. "एवढी एकच राहिली बघा, साहेब. मध्येच चहा आला. ठोकळा फोडून द्या, आत्ता घासून देतो."

सरांनी घाईघाईने चहा मागवला.