लोकरीची फुलं

आईने लेकीच्या घरात पाऊल टाकलं. पातळ प्लायच्या भिंतींवर जिकडेतिकडे लेकीने पुठ्ठ्याला लोकर गुंडाळून केलेली फुलं होती. “फुकटात घर सजवते हो तुमची लेक,” पेपराआडून जावई म्हणाला. आई कौतुकाने एकेक फूल बघत बघत दाराशी येऊन थबकली. तिथलं फूल गुडघ्याएवढ्या उंचीवर होतं. “इतक्या खाली कुणाला दिसणार गं हे?” “राहू दे आई,” लेक घाईघाईने म्हणाली, “चहा निवतोय.” पण आई वाकलीच. फुलामागे बुटाच्या टोकाएवढं भोक होतं. तिने वरचं फूल उचललं, तर तिथे मुठीएवढं. पेपराची सळसळ थांबली. आईने सगळी फुलं उतरवली, लेकीच्या हातांत दिली आणि दार सताड उघडलं. “फुलं तुझी आहेत, ती घे. भोकं ज्याची त्याला राहू देत. चल.”