रोजची गोळी

"आणि ही गोळी तुम्ही रोज देत होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज. एक दिवस चुकवला नाही," थोरला म्हणाला. म्हणताना त्याला थोड्या शाबासकीचीही अपेक्षा होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यानं आणलेली गोळ्यांची पट्टी उलटी करून पाहिली. "ही व्हिटॅमिन डीची जबर ताकदीची गोळी आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची. तीही थोडे आठवडे, मग थांबून पुन्हा रक्त तपासायचं. ही काय रोज चघळायची लिमलेटची गोळी आहे?"

 पडद्याआड आई पडून होती. पोटात काही ठरत नव्हतं, घोटाघोटाला पाणी मागत होती, आणि आज सकाळी तिनं थोरल्यालाच "तुम्ही कुणाकडचे?" म्हणून विचारलं होतं. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. मूत्रपिंडांना त्रास झालाच होता, हृदयाचं अजून सांगता येत नव्हतं.

"तरी हा आकडा जरा जास्तच वाटतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी काही देत होता का?"

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या धाकट्यानं घसा खाकरला. "संध्याकाळी मी देत होतो. हीच. रोज."

दोघा भावांमधून विस्तव जात नव्हता, याला बरीच वर्षं झाली होती. कशावरून बिनसलं ते विचारलं तर दोघंही वेगवेगळं कारण सांगत. वडिलांची लाँड्री एकच होती. वाटणी करायची तर यंत्रं कापावी लागली असती, म्हणून या शहाण्यांनी दिवस कापून घेतला. दुपारपर्यंत थोरला, दुपारनंतर धाकटा. एक मागच्या दारानं बाहेर पडला की दुसरा पुढच्या दारानं आत यायचा. कुणाचा कोट कुठे टांगलाय, कुठल्या इस्त्रीची वायर गेलीय, हे खडूनं फळ्यावर लिहून ठेवायचे. बोलायचं नाही म्हणजे नाही.

दुकानाच्या वर दोन खोल्यांत आई एकटी राहायची. मध्ये फक्त एक जिना होता. पण दुकान म्हटलं की गिऱ्हाइकं आली, घर म्हटलं की मुलांच्या परीक्षा आल्या. दोघांनाही वाटायचं, आपल्याला नाही जमलं तरी दुसरा वर जातच असेल.

मग तिची हाडं ठणकायला लागली. ती एकटीच याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. एका सकाळी जिना उतरून थोरल्यासमोर गोळ्यांची पट्टी ठेवत म्हणाली, "बोटांत जोर नाही रे राहिला. ही फोडता येत नाही. रोज एक काढून देत जा."

त्या दिवसापासून थोरला शटर उघडण्याआधी वर जायला लागला. गोळी द्यायची, दूध कोमट करून द्यायचं, ते संपेपर्यंत समोर बसायचं. बसलाच आहे तर दुकानातलं सांगायचं. पट्टी संपली की तो नवी आणायचा. आईचं आपण इतकं करतो, हे बायकोला ऐकवायलाही तो विसरत नसे.

आता दवाखान्याच्या बोळात उभं राहून त्यानं धाकट्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"तू कशाला देत होतास?"

"आई म्हणाली म्हणून. तू?"

"मलाही आईच म्हणाली."

"पट्टीवर काय लिहिलंय ते वाचायचं तरी."

"तू वाचलंस?"

 धाकटा पुटपुटला, "निदान फळ्यावर लिहायचं होतंस."

"तू लिहिलंस का?"

 थोरला बाकावर बसला आणि एकदम रडायला लागला. आपण आपल्या हातानं आईला विष पाजलं, वर त्याची फुशारकी मारली, हे त्याला सोसवेना. धाकटा जवळ आला, काय करावं ते न सुचून त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. दोघांनाही आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सलाईन चालूच राहिलं. हळूहळू आकडा उतरला. आई दोघांना नावानं हाक मारायला लागली, तेव्हा थोरल्याचा जीव भांड्यात पडला.

"तिचा काय दोष?" तो धाकट्याला हळूच म्हणाला. "वय झालं. आठवड्याचं रोज झालं तिच्या डोक्यात. आपण लक्ष द्यायला हवं होतं."

घरी सोडायच्या दिवशी दोघं तिच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"आई, आता कसलीही गोळी नाही," थोरला म्हणाला. "भानगडच नको."

"अगदी," धाकटा म्हणाला. "पुन्हा म्हणून तुला असा ताप देणार नाही. जेवणखाण पाठवायची व्यवस्था केलीय. तू निवांत पडून राहा."

 मग थोरला दुकानाकडे पळाला, कारण शटर उघडायची वेळ झाली होती. धाकटा बिल भरायला गेला.

डॉक्टरीणबाई शेवटचं तपासायला आल्या. नाडी बघता बघता त्या म्हणाल्या, "आजी, गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, हे मी तुम्हाला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. विसरलात ना?"

"नाही बाई. लक्षात होतं."

मनगटावरची बोटं तशीच राहिली. आईनं दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मला एक सांगा डॉक्टरीणबाई. रोज सकाळ-संध्याकाळ लागते, दुसऱ्यानंच द्यावी लागते, आणि कितीही घेतली तरी बाधत नाही, अशी एखादी गोळी असते का हो?"