हक्काचं पाणी

“पाणी हवंय? मग खोल्या रिकाम्या करा!” असं बजावून घरमालक निंबाळकरांनी भाडेकरूंचे नळ तोडले.

“मालकाशी कोण भांडणार?” म्हणत शेजारणी दुसरी जागा शोधू लागल्या. शिवणकाम करणाऱ्या द्वारकाताई मात्र कोर्टातल्या मोफत कायदा केंद्रात गेल्या.

“भाडेकरूला काही हक्क असतो का हो?” त्यांनी घाबरतच विचारलं.

“असतो तर! पाणी तोडणं हाच गुन्हा आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त मागे हटू नका.”

न्यायाधीशांसमोर द्वारकाताईंचा आवाज आधी दबका होता, मग चढला. त्यांचं पाणी जोडून देण्याचा आदेश निघाला. निंबाळकर स्वतः प्लंबर घेऊन आले. द्वारकाताईंचा नळ फुरफुरला आणि धो धो वाहू लागला.

शेजारणी दारात जमल्या. “ताई, त्या वकीलबाई कुठं बसतात?”

द्वारकाताईंनी ओल्या हातांनीच पदर खोचला. “चला, सगळ्याच चला!”