मास्तरांचा गोलकीपर

फुटबॉल क्लबनं कुणाला घ्यावं, यावरून चाहत्यांच्या ग्रुपवर सकाळीच जुंपली होती. कुणाला स्ट्रायकर हवा होता, कुणाला विंगर. मास्तरीणबाईंनी कुकर लावला, हात पुसले आणि मास्तरांच्या फोनवरून त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "आधी गोलकीपर बदला, मग बाकीचं बोला."

"मास्तर, पुन्हा तेच तुणतुणं!" सगळे तुटून पडले.

मास्तरांना जाऊन चार महिने झाले होते, हे ग्रुपवर कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना फुटबॉलमधलं एवढं एकच वाक्य येत होतं. तेवढ्यावर भागत होतं.

दुपारी ग्रुपवरच्या मेसेजांनी फोन वाजतच राहिला. "अभिनंदन मास्तर! क्लबनं नवा गोलकीपर घेतला. बोला, आता कोण हवा?"

बाईंनी "आधी" एवढं टाइप केलं आणि पुसून टाकलं. याच्यापुढचं मास्तर घरात कधी बोललेच नव्हते.