साहेब म्हणतात

"सिट डाऊन!" तपासणीला आलेले सोनटक्केसाहेब पुन्हा गरजले. चौथीचा वर्ग ढिम्म उभा.

वर्गाच्या कुंदाबाई लगबगीने पुढे झाल्या. इंग्रजी खेळातून शिकवा, हा हुकूम साहेबांचाच. खेळही त्यांनीच प्रशिक्षणात पडद्यावरून वाचून दाखवला होता: आधी ‘बाई म्हणतात’ असं म्हटलं तरच पुढची इंग्रजी आज्ञा पाळायची, नुसत्या आज्ञेवर जो हलला तो बाद. वाचून दाखवणं साहेबांचं काम, लक्षात ठेवणं बाईंचं. आणि साहेब टपकले ते नेमके खेळ रंगात आलेला असताना.

"साधं सिट डाऊन कळेना पोरांना? नोटीस काढू तुमच्या नावाची?"

"साहेब, त्यांना कळतंय, पण तुमचाच तो..."

"माझं नाव मध्ये आणू नका!"

बाई वर्गाकडे वळल्या. "बाई म्हणतात, सिट डाऊन."

अख्खा वर्ग एका झटक्यात खाली बसला.

साहेबांचा चेहरा खुलला. "बघा! मराठी कानावर पडल्याशिवाय एक पोर हललं नाही. म्हणून तर बोंबलून सांगत असतो, बाई, खेळ घ्या, खेळ!"