बिनवासाचा रंग

ओलेगारियोने दार उघडलं तेव्हा एदेल्माबाई चक्क हसत होत्या.

वरच्या मजल्यावरच्या या बाई त्याच्या दारात हसत कधी येतच नसत. त्याने ऑइलपेंटचा डबा उघडला, की वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडून थेट त्यांच्या खिडकीत शिरायचा आणि बाई सपाता फटफटवत खाली उतरायच्या. आधी उंबऱ्यात उभ्या राहून भांडण. मग आत येऊन भांडण. मग खुर्चीत बसून, काखेतल्या थर्मासमधलं गरम पाणी येर्बाच्या कडू चहाच्या पेल्यात ओतत, तोच पेला त्याच्यापुढे सरकवत भांडण! मॉन्टेव्हिडिओच्या अख्ख्या हिवाळ्यात त्याच्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

आज काखेत थर्मास नव्हता. हातात पुठ्ठ्याचा खोका होता.

"घ्या! तुमच्यासाठी." त्यांनी तो टेबलावर, त्याने करायला घेतलेल्या, अर्धवट झालेल्या छोट्या लाकडी बोटीशेजारी ठेवला. "ॲक्रिलिक. पाण्यातला रंग. वास म्हणून नाही! हुंगा. अहो, हुंगा ना!"

ओलेगारियोने एक बाटली उघडून हुंगली. खरंच, काही म्हणजे काही नव्हतं.

"पण बाई, ही बुएनोस आयरेसची फेरीबोट आहे. पाण्यातल्या रंगाला ती चकाकी नाही येत."

"वरून वार्निश मारायचं. तेही बिनवासाचं. खोक्यातच आहे."

"ब्रशचे ओरखडे उठतात."

"पातळ करून दोन हात द्यायचे. दुकानदाराकडून सगळं घोकून आलेय मी."

"दोन हात म्हणजे दुप्पट वेळ..."

"वेळेचं तुम्ही सांगताय? तुमचं ते धुराडं तीन-तीन दिवस वाळत बसतं! हा अंडं उकडेस्तोवर वाळतो."

त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं.

"परवा माझ्या तांदळाच्या खिरीला टर्पेंटाइनचा वास लागला," बाई म्हणाल्या, "आठवतंय ना?"

"आठवतंय. चांगली होती खीर."

"चांगली कसली! पुरावा म्हणून आणली होती मी ती. आणि तुम्ही पुरावाच दोनदा मागून खाल्लात!"

दोघंही हसले. तेवढ्यात त्याने खुर्ची ओढली, त्यावरची उशी उलटीसुलटी करून झटकली. "बसा ना जरा."

"छे हो, आता कशाला? दूध ठेवून आलेय गॅसवर." बाई दारापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या. "मला खाली यायला नको, तुम्हाला माझी कटकट नको. सुटलो बाई एकदाचे दोघं!"

"सुटलो," ओलेगारियो म्हणाला.

सपाता जिना चढून गेल्या. त्याने लाल बाटलीतला रंग पातळ केला आणि बोटीच्या बुडाला एक हात दिला. मग दुसरा. रंग झकास बसला. ओरखडा नाही, थेंब नाही, आणि अंडं काय, पाणी उकळायच्या आत वाळून मोकळा. मुद्दाम दिव्याखाली धरून पाहिलं, तरी नाव ठेवायला जागा नाही. असा गुणी रंग त्याने जन्मात पाहिला नव्हता.

राहिलं धुराडं. त्याला काळा हवा होता. काळा खोक्यातही होता.

ओलेगारियोने चमच्याच्या शेपटाने जुन्या ऑइलपेंटच्या डब्याचं झाकण उचकटलं. धुराड्यावर ब्रश जेमतेम फिरवला. मग बशीभर टर्पेंटाइन ओतलं, बशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि कालच्या वर्तमानपत्राने वरच्या दिशेला वारा घालू लागला. दंड भरून आला तेव्हा हात बदलला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वासाने, दुसरं काय!

वर सपाता वाजल्या. फट, फट, आणि थांबल्या. बाईंनी नाकाने ओढलेला लांबलचक श्वास त्याला खालपर्यंत ऐकू आला.

त्याने वर्तमानपत्र टाकलं, केसांवरून ओला हात फिरवला आणि लगबगीने जाऊन दाराच्या कडीवर बोटं ठेवून उभा राहिला. बाईंनी ठोठावायच्या आधी उघडायचं नाही, एवढंच त्याने स्वतःला बजावलं.

मागे, वरच्या मजल्यावर, खिडकी लागली. खाडकन आपटली असती तरी त्याला चाललं असतं. ती हळूच लागली, शेजाऱ्याला वाईट वाटू नये इतकी हळू.